रानाचे भाडे

मराठीत 'रान' हा शब्द मोठा लबाड आहे. देशावरच्या घरी जाऊन मालकांची चौकशी करावी, तर 'रानात गेलेत' असे उत्तर मिळते आणि मालक ज्वारीला पाणी देताना सापडतात. तेच आमच्या ठाणे-पालघरकडे कोणी रानात गेला म्हणाले, तर तो लाकूडफाट्याला, करवंदांना किंवा हरवलेल्या गुरामागे गेला असे समजावे. एका ठिकाणी रान म्हणजे पिकणारी जमीन, दुसऱ्या ठिकाणी न पिकणारी. वर्गात हा फरक सांगितला की मुले हसतात, वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत विसरतात. पण हाच फरक उद्या तलाठ्याच्या दप्तरात उभा राहिला, तर तो विसरून चालत नाही. कारण तेथे शब्दाच्या अर्थावर जमिनीची मालकी ठरते. गेली दोन वर्षे मी या शब्दाचा अभ्यास पुस्तकाबाहेर करते आहे. यंदाच्या दिवाळीला वाचकांपुढे तोच फराळ ठेवावा म्हणते.

खोलीचे भाडे आपल्याला ठाऊक आहे, मंगल कार्यालयाचे आणि लग्नातल्या भांड्यांचेही. पण नुसते झाडाखाली बसण्याचे, पायवाटेने चालण्याचे आणि पाखरे ऐकण्याचे पैसे कोणी देईल, असे आमच्या वडिलांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाला आधी गार पाणी दिले असते. आज तसे पैसे देणारी माणसे आहेत. विरार-बोरिवलीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ती राहतात, रविवारी त्यांना कोठेतरी जायचे असते, आणि मॉलमध्ये जाऊन त्यांची मुलेही कंटाळली आहेत.

माझे माहेर दातिवऱ्याचे. पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे दुसरे स्टेशन सफाळे; तेथे उतरून रस्त्याने पश्चिमेला जावे, ते रस्ता समुद्राला टेकेपर्यंत. दक्षिणेला वैतरणेची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. मच्छीमारांच्या होड्या, नारळी-केळीच्या वाड्या, ताडाची झाडे, आणि पोर्तुगीज अमदानीची आठवण सांगणारे थोडे पडके चिरे. वसईच्या मोहिमेत, 1739 साली, हा सारा किनारा मराठ्यांच्या हाती आला, हे आम्हाला शाळेत शिकवीत. त्यापलीकडे गावाचे नाव फारसे कोणी घेत नसे.

आमच्या घराची जमीन दोन तुकड्यांत आहे. खाली घराला लागून वाडी, आणि वर चढावर सव्वादोन एकर वरकस. वरकस हा शब्द शहरातल्या वाचकाला नवा वाटेल. भातखाचराच्या जोडीला डोंगरउताराची जी हलकी जमीन असे, ती वरकस. तिच्यावरचे गवत गुरांना, आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या नि पाला राबाला. भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजायचा, हा तो राब. आजोबांच्या हयातीत वरकसावरची झाडे दरसाल छाटली जात, म्हणून ती बुटकी असत. वडिलांनी खते आणून राब बंद केला, आणि झाडांना जसा श्वास मिळाला. जुन्या बुंध्यांतून ऐन फुटला, खैर, कुडा, जांभूळ वाढले, मोहाची दोन थोरली झाडे होतीच. करवंदीच्या जाळ्या माणसापेक्षा उंच झाल्या. कोणी एक रोप लावले नाही. चाळीस वर्षांत नुसते न तोडल्याने रान झाले.

दोन वर्षांपूर्वी या रानाला गिऱ्हाईक आले. मुंबईचे गृहस्थ, बोलायला अदबशीर. वरच्या जमिनीवर समुद्र दिसेल अशी सुट्टीची आठ-दहा घरे बांधायचा त्यांचा विचार होता. रक्कम त्यांनी कागदावर लिहून दाखवली. ती मी येथे सांगत नाही, पण तेवढी रक्कम आमच्या घराण्यात कोणी एकत्र पाहिलेली नव्हती. वाढवण बंदराला 2024 साली सरकारची मंजुरी मिळाली आणि साऱ्या जिल्ह्यातल्या जमिनींकडे लोक निराळ्या डोळ्यांनी पाहू लागले; त्यातलेच हे एक पाहणे.

आम्ही भावंडे तीन. थोरला दादा गावी राहून वाडी करतो. मी मधली, वसईकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. धाकटा बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात. त्या कारखान्याच्या पाळ्या कमी झाल्या होत्या आणि त्याची मुलगी बारावीला होती. पुढे इंजिनियरिंगची फी. धाकट्याला विकायचे होते. दादाला नव्हते. आणि तिसरी सही माझी होती.

ही तिसरी सही आमच्या आईच्या काळात लागली नसती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला आणि 2005 साली तो साऱ्या देशाला लागू झाला. कायदा झाला, तरी घरोघरी एक दुसरा कागद हिंडतो, त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीने भावांच्या बाजूने हक्क सोडायचा, आणि बदल्यात माहेर उघडे ठेवायचे, असा त्याचा न लिहिलेला मजकूर असतो. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी त्यावर सह्या केल्या आहेत. त्यांना मी दोष देत नाही. भाऊबीजेला जायला एक घर असावे, असे कोणाला वाटत नाही?

त्या भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर धाकट्याने विषय काढला. "ताई, तू सही दे, नाहीतर हक्क सोड. दोन्हीतलं काही कर, पण लोंबकळत ठेवू नकोस."

दादा म्हणाला, "वर काय आहे ते तिला माहीत आहे."

"वर काय आहे? झाडं आहेत. झाडांनी फी भरता येते का?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटले, "भरता येते का ते पाहू. मला एक वर्ष दे." त्याने दिले, पण मनापासून नव्हे.

पहिले काम मी केले ते सात-बाराचा उतारा काढण्याचे. आपल्या जमिनीवर झाडी असेल, तर मौजेखातर कोणाला तेथे बोलावण्याआधी हे काम प्रत्येकाने करावे. कारण महाराष्ट्रात 'खाजगी वन' हे दोन शब्द फार जपून उच्चारायचे आहेत. 1975 साली राज्याने खाजगी वने संपादन करणारा कायदा केला आणि त्या वर्षीच्या 30 ऑगस्टला अशी वने सरकारजमा झाली. लहान धारकांना काही जमीन परत देण्याची तरतूद मागाहून आली. पण कित्येकांच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात वनाची नोंद दशकांनंतर उमटली. मुलुंडकडच्या हजारो कुटुंबांना आपली इमारत म्हणे वनात आहे, हे बिऱ्हाड थाटून झाल्यावर कळले. त्यांना आणि विक्रोळीच्या गोदरेज कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी दिलासा दिला. 1950च्या दशकात काढून तशाच पडून राहिलेल्या नोटिशीच्या आधारे इतक्या वर्षांनी जमिनी वन ठरवता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता.

दुसरी गोष्ट मला माझ्या विषयामुळे फार आवडली. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात याच न्यायालयाने सांगितले की, 'वन' या शब्दाचा कोशातला अर्थ घ्यावा, मालक कोणी का असेना. एरवी शब्दकोशाला कोण विचारतो! 2023 साली केंद्राने वनसंवर्धनाच्या कायद्यात बदल करून ही व्याप्ती आवळली. पण 2024 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, तूर्त राज्यांनी कोशातलाच अर्थ धरून चालावे. म्हणजे आपले रान हे कायद्याने वन आहे की वरकस, हे आधी कागदावर पाहायचे. वन निघाले तर तेथे वनेतर काहीही करण्याआधी, एक खोली बांधण्याआधीही, वकिलाचा सल्ला आणि केंद्राची मंजुरी यांचा विचार करावा लागतो. आमच्या उताऱ्यावर थोडी जमीन लागवडीची, उरलेली 'पोटखराबा' निघाली. चाळीस वर्षांच्या झाडीला महसूल खात्याने पोटखराबा म्हणावे, याचे मला हसू आले आणि हायसेही वाटले. वनाची नोंद नव्हती. फेरफार पाहिले, वनखात्याकडे लेखी विचारणा केली आणि उत्तर हाती येईपर्यंत तीन महिने थांबलो.

मध्यंतरी इतर देशांत लोक काय करतात ते वाचले. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये रानमालकाचे मोठे उत्पन्न शिकाऱ्यांकडून येते. हंगामापुरती शिकारीची परवानगी भाड्याने द्यायची. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी झाली, तेव्हा तो मार्ग खुंटला आणि बरे झाले. स्वीडनमध्ये याच्या उलट. तेथे कोणाच्याही रानातून चालण्याचा, बोरे आणि अळंबी वेचण्याचा हक्क सर्वांना आहे. घराजवळ जाऊ नये आणि नासधूस करू नये, एवढीच अट. चालण्याबद्दल मालकाने पैसे मागायचे नाहीत. पैसे मिळवायचे ते मुक्कामाचे, जेवणाचे, वाटाड्याचे. जपानच्या वनखात्याने 1982 साली रानात स्वस्थ हिंडण्याला 'वनस्नान' अशा अर्थाचे नाव दिले आणि नोकरीने शिणलेल्या लोकांना तिकडे बोलावले. या तिन्हींतून मला एवढे कळले की, रान विकता येत नसले तरी रानात लागणारी सोय विकता येते.

आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 1980च्या दशकातच शहरी पाहुण्यांना शेतावर बोलावायला आरंभ केला. 2005च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडे कृषिपर्यटनाची चळवळ उभी केली. राज्य सरकारने 2020 साली कृषिपर्यटनाचे धोरण ठरवले. निदान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते. आणि इतके लांब कशाला? आमच्या शेजारच्या केळव्याला वाडीवाले आपल्या नारळी-पोफळीत पाहुण्यांना खोल्या नि जेवण देतात, त्याला बरीच वर्षे झाली. दातिवऱ्याला मात्र गाडीवाटेने यायचे म्हणजे वळसा. म्हणून पाहुणा केळव्यालाच थांबे. 2025 साली विरारजवळच्या मारंबळपाड्याहून वैतरणा ओलांडून जलसारला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि तो वळसा वाचला. आमची वेळ चांगली होती, हे कबूल केले पाहिजे.

आता आमचा प्रयोग. मुक्काम ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. सकाळी आठला यावे, रानात दोन-अडीच तास फिरावे, वाडीत जेवावे, जांभळाखाली लोळावे, ऊन उतरल्यावर चहा घेऊन जावे. एका रविवारी पंचविसापेक्षा जास्त माणसे नाहीत. पैसे प्रथम कशात घातले म्हणाल, तर संडासात. दादाला पाट्या रंगवायच्या होत्या, धाकट्याला कमान उभारायची होती, वहिनी म्हणाल्या, "बायका-मुलं येणार ना? मग आधी दोन संडास, एक न्हाणी आणि पाण्याची टाकी. कमानीला कोण विचारतो?" ती टाकी, चार बाक आणि वाडीतली ही बांधकामे यांना एक लाख दहा हजार रुपये लागले. वरच्या रानात एक वीट नेली नाही.

जेवणही वहिनींनीच ठरवले. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, थंडीत उकडहंडी, आणि मासे खाणाऱ्यांना सुके बोंबील. एका पाहुणीने पनीर विचारले. वहिनी म्हणाल्या, "ते तुमच्याकडे चांगलं मिळतं."

खरा वाद झाला तो कुंपणावरून. गावाबाहेरच्या पाड्यावरची एक वारली बाई आमच्या वरकसावर वर्षानुवर्षे येते. आईच्या वेळेपासून येते. आधी तिची सासू येई. पावसाच्या तोंडी शेवळे, मग कोरल, टाकळा. चैत्रात मोहाची फुले. बारा महिने सुकी काटकी. कोणी तिला परवानगी दिली नाही आणि कोणी अडवलेही नाही. धाकट्याचे म्हणणे पडले की, आता पैसे घेणार तर तारेचे कुंपण हवे, फाटक हवे. पाहुण्यांच्या पिशव्या, पर्सेस. उद्या काही हरवले तर? ज्याने तिकीट काढले तो आत, बाकीचे बाहेर.

दादा गप्प राहिला. त्याला हिशेब पटत होता. वहिनींनी विचारले, "तिला बाहेर ठेवून तुम्ही पाहुण्यांना आत काय दाखवणार आहात? तुम्हाला चार झाडांची नावं येतात. मला दहा. तिला सगळी येतात."

मग त्या बाईलाच विचारले. ती लगेच तयार झाली नाही. "तुमची माणसं प्रश्न फार विचारतात," म्हणाली. शेवटी एका फेरीचे आठशे रुपये ठरले, आणि रानात जाण्या-येण्याला तिला आडकाठी नाही, हेही ठरले. पावसाळ्यात आम्ही पाहुणे घेत नाही. वाट निसरडी, विंचूकाट्याचे भय. ते चार महिने रान तिचे. शेवळे कोठे उगवतात ती जागा तिने पाहुण्यांना अजून दाखवलेली नाही, आणि आम्हीही विचारलेली नाही.

ती चालत पुढे जाते आणि थांबते. ऐनाच्या खोडावर हात ठेवते. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल असते. कुड्याचा पाला तोडून दूध दाखवते. मातीत उमटलेला मुंगसाचा पाय, वारुळाची ताजी माती, मधमाश्यांची जाण्याची वाट. मुले तिच्यामागून एका ओळीत चालतात. माझ्या वर्गातही इतकी शांतता मी क्वचित पाहिली आहे.

आता हिशेब, कारण त्याविना हे सारे गोडगोड बोलणे होईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चौदा रविवार पाहुणे आले. एकंदर माणसे 286. माणशी पाचशे रुपयांप्रमाणे जमा 1,43,000. जेवणाला माणशी 180 प्रमाणे 51,480. मदतीला दोन बायका, प्रत्येकी पाचशे, चौदा रविवारांचे 14,000. वाटाडीचे 11,200. गॅस, साफसफाई आणि किरकोळ मिळून 9,320. खर्चाची बेरीज 86,000. शिल्लक 57,000. तिघांत वाटले तर प्रत्येकी एकोणीस हजार. आणि आरंभीचे एक लाख दहा हजार वजा करायचे तर पहिले दोन हंगाम कोणाच्याच हाती काही नाही.

मी हा कागद धाकट्यापुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला. "ताई, यात फीचा एक हप्तासुद्धा बसत नाही."

"नाही बसत," मी म्हटले.

वर्तमानपत्रांतून जोडधंद्याच्या गोष्टी छापून येतात, त्यांत आकडे नेहमी मोठे असतात. आमचे हे असे आहेत. पूरक उत्पन्न हे पूरकच असते. वाडीवर पोट भरत असेल तर त्यावर तूप पडते, पोट मात्र त्याने भरत नाही. धाकट्याचे दुखणे त्याने बरे होणारे नव्हते. तेव्हा आम्ही दुसरा मार्ग काढला. पुतणीला बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले, त्याला जामीन मी राहिले. रानातून माझ्या वाट्याला जे येईल ते तीन वर्षे तिच्या फीत जाईल. दादाने वाडीच्या नारळांतून तेवढ्याच काळापुरता धाकट्याचा वाटा वाढवला. आणि तिघांनी मिळून साध्या कागदावर लिहिले की, तीन वर्षे कोणी विकायचे नाही, आणि कोणी कोणाकडे हक्कसोड मागायचा नाही. त्यातले एक वर्ष सरले. त्या मुंबईच्या गृहस्थांचा फोन अजून अधूनमधून येतो, आणि धाकटा तो उचलतो, हेही मला माहीत आहे. त्याला बोलायला मला तोंड नाही; मुलगी त्याची आहे.

ज्या वाचकांच्या गावी अशी पडीक झाडी आहे त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. उतारा, फेरफार आणि वनखात्याचे लेखी उत्तर हाती आल्याखेरीज एक रुपया घालू नये. साग, खैर, आंबा, चिंच अशी झाडे आपल्या मालकीची असली, तरी 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. खाडीकाठच्या तिवरांना तर हातच लावू नये. घर किंवा खोली बांधायची तर बिगरशेतीच्या परवानगीचे आधी विचारावे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर सरकारी मंजुरीशिवाय ती दुसऱ्याच्या नावे होत नाही. कोणी भाडेपट्ट्याच्या नावाखाली तसे सुचवील, तर त्याला नमस्कार करावा. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताचा वणव्याला धाक असतो. विडी-सिगारेट आणि चूल रानात नको. सर्पदंशावरचे औषध कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, हे पाहुणे येण्याआधी स्वतः जाऊन विचारून यावे.

आणि ज्या वाचकांकडे रान नाही पण रविवार आहे, त्यांनाही थोडे. जेथे जाल तेथे गाणी लावणारा डबा नेऊ नका. बाटल्या परत आणा. मुलांना झाडाचे नाव विचारू द्या, आणि सांगणाऱ्या बाईला मध्येच थांबवून मोबाइलवर ते नाव तपासू नका. आमच्याकडे एकाने तसे केले, तेव्हा तिने उरलेली वाट मुकाट्याने चालून दाखवली. माणशी पाचशे रुपये जास्त वाटले तर वरचा हिशेब पुन्हा वाचा.

यंदा भाऊबीजेनंतरच्या दुसऱ्या रविवारपासून पाहुणे सुरू होतील. धाकट्याने आपण होऊन सांगितले आहे की, पहिल्या दिवशी सफाळे स्टेशनवर लोकांना घ्यायला तो जाईल. त्याची मुलगीही येणार आहे. ती झाडांवर नावांच्या पाट्या लावायच्या म्हणते. मराठी नाव आणि त्याखाली वारली बाई सांगेल ते नाव. शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे.